स्कूल बोर्डाचे निर्णय कळावेत कसे, आणि वेळेत बोलावं कसं: कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

बे एरियातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक निरोप फिरतो: "बोर्डाने काल रात्री ठरवलं म्हणे." पुढे काहीतरी धक्कादायक असतं. शाळा बंद होणार, गणिताचा वर्ग जाणार, शाळेची हद्द बदलणार. मग चिडचीड होते, सह्यांची मोहीम निघते, पुढच्या मीटिंगला गर्दी करायचं ठरतं. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. मतदान होतं त्याच्या कितीतरी आठवडे आधी तो विषय बोर्डासमोर येऊन गेलेला असतो, त्याची कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली झालेली असतात, आणि त्या दिवशी समोरच्या खुर्च्या जवळजवळ रिकाम्या असतात. बोलायची खरी वेळ ती. ती ओळखायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून मी कॅलिफोर्नियापुरतंच लिहितो आहे. न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्यांना कामाची रीत ओळखीची वाटेल, पण तारखा आणि कायदे तिथले तपासून घ्या.

हे बोर्ड म्हणजे कोण?

महाराष्ट्रात पुस्तकं बालभारतीची, दहावीची परीक्षा राज्य मंडळाची, मोठे निर्णय मुंबई-पुण्यातून. पालकाने शाळेत जाऊन फार तर वर्गशिक्षकांना भेटायचं, ही आपली सवय. इथे राज्य अभ्यासाची उद्दिष्टं ठरवतं, परीक्षा घेतं आणि पैशाचं सूत्र ठरवतं. पण कुठलं पुस्तक घ्यायचं, सुट्ट्या कधी, किती शिक्षक ठेवायचे, कुठली शाळा चालू राहणार, हे स्थानिक बोर्ड ठरवतं. कॅलिफोर्नियात नऊशेहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे ठरावीक हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत आणि प्रत्येकाला आपलं बोर्ड आहे. बहुतेक बोर्डांत पाच सदस्य असतात, काही ठिकाणी तीन किंवा सात. त्यांना ट्रस्टी म्हणतात. ते साधारण चार वर्षांसाठी निवडून येतात, आणि त्यांतले बरेच जण आपल्यासारखेच पालक किंवा निवृत्त शिक्षक असतात.

पाचांच्या बोर्डात तीन मतं म्हणजे बहुमत. तुमच्या मुलाच्या शाळेचं भवितव्य तीन माणसांच्या हातात असतं, आणि ती तिघं तुमच्याच गावात राहतात, त्याच दुकानात भाजी घेतात. यातली ताकद नव्या पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. आमदाराला लिहिलेलं पत्र कुणी वाचलं की नाही हे कळत नाही. ट्रस्टीला लिहिलेली नेमकी, आपल्या शब्दांतली ईमेल बहुतेक वेळा वाचली जाते.

सुपरिंटेंडंट हा बोर्डाने नेमलेला मुख्य अधिकारी. रोजचा कारभार त्याचा, प्रस्ताव त्याच्या कार्यालयातून येतात, मत देतं बोर्ड. मुख्याध्यापक त्याच्या हाताखाली. मुलाच्या वर्गातला प्रश्न असेल तर आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस. बोर्डाकडे जायचं ते धोरणासाठी.

आधी आपला डिस्ट्रिक्ट पक्का करा

यात नव्या माणसाची हमखास गफलत होते, कारण शहराची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द एक नसते. कुपर्टिनोत राहणाऱ्यांची बहुतेक मुलं आठवीपर्यंत कुपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये असतात आणि नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये. म्हणजे एकाच घराची दोन बोर्डं. आणि या फ्रीमाँट युनियनचा फ्रीमाँट शहराशी काही संबंध नाही. ते शहर दुसऱ्या काउंटीत आहे आणि तिथला डिस्ट्रिक्ट वेगळा, फ्रीमाँट युनिफाइड. लिनब्रूक हायस्कूलचा पत्ता सॅन होजेचा, पण ते फ्रीमाँट युनियनचं. सनीव्हेलमध्ये तर एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे डिस्ट्रिक्ट असू शकतात.

नावात "युनिफाइड" असेल तर बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच बोर्ड. नुसतं "युनियन" किंवा "एलिमेंटरी" असेल तर हायस्कूलचं बोर्ड वेगळं असण्याची शक्यता जास्त. घर भाड्याने घेतानाच डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून खात्री करा, घरमालकाच्या किंवा एजंटच्या शब्दावर राहू नका. हल्ली बऱ्याच डिस्ट्रिक्टचे ट्रस्टी विभागवार निवडून येतात, त्यामुळे तुमच्या पत्त्याचा ट्रस्टी कोण हेही त्याच वेळी पाहून ठेवा.

अजेंडा वाचायला शिका

कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राउन ॲक्ट नावाचा कायदा आहे. स्थानिक संस्थांनी कारभार लोकांसमोर करावा, हा त्याचा गाभा. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर झाला पाहिजे, खास मीटिंगचा २४ तास आधी. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर, अगदी मोजके अपवाद सोडले तर, बोर्डाला निर्णय घेता येत नाही. बोर्डाच्या सदस्यांना दिलेले कागद तुम्हालाही पाहता येतात. हा तीन दिवसांचा अवधी ही पालकाची खरी संधी.

बहुतेक डिस्ट्रिक्ट अजेंडा बोर्डडॉक्स किंवा सिम्बलीसारख्या संकेतस्थळावर ठेवतात. डिस्ट्रिक्टच्या पानावर "बोर्ड" असा दुवा सापडतोच. ईमेलने अजेंडा मिळवायची सोय असेल तर आजच नाव नोंदवा. नसेल तर मीटिंगच्या आधीच्या आठवड्याअखेरीला फोनवर आठवण लावा.

उघडल्यावर साधारण काय दिसतं? सुरुवातीला बंद सत्र. त्यात नोकरीविषयक बाबी, कोर्टकज्जे, शिक्षक युनियनशी चाललेल्या वाटाघाटी आणि विद्यार्थ्यांवरच्या कारवाया येतात. दार बंद असलं तरी विषयाचा मथळा जाहीर करावा लागतो, आणि आत घेतलेले ठरावीक निर्णय बाहेर येऊन सांगावे लागतात. "कामगार वाटाघाटी" हा मथळा मीटिंगमागून मीटिंग दिसू लागला की पगाराचा करार अडला आहे असं समजायला हरकत नाही.

मग येतं कन्सेंट कॅलेंडर. इथे थांबा. नेहमीचे, वादाचे नसलेले वीस-तीस विषय एका गठ्ठ्यात एकाच मताने, चर्चेविना मंजूर होतात. बिलं, नेमणुका, सहली, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त. पण याच गठ्ठ्यात कधी बसचा करार असतो, कधी एखाद्या सॉफ्टवेअरची खरेदी असते, कधी शाळेचं सभागृह भाड्याने देण्याचे नवे दर असतात. आपल्या मंडळाचा गणेशोत्सव किंवा रविवारची मराठी शाळा जर डिस्ट्रिक्टच्या इमारतीत भरत असेल, तर ते दर थेट आपल्या वर्गणीवर येतात. सिव्हिक सेंटर ॲक्टखाली शाळांच्या जागा समाजाला वापरायला देणं अपेक्षित आहे आणि त्याचे दर बोर्डच ठरवतं. एखादा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून स्वतंत्र चर्चेला घ्या, अशी विनंती ट्रस्टीला आदल्या दिवशी ईमेलने करता येते. एका ट्रस्टीने म्हटलं तरी तो बहुतेक ठिकाणी बाहेर निघतो.

शेवटचे दोन भाग महत्त्वाचे: माहिती किंवा चर्चेचे विषय, आणि निर्णयाचे विषय. विषयाच्या नावावर जाऊ नका, ती फार साधी ठेवलेली असतात. जोडलेली पीडीएफ उघडा. त्यात पार्श्वभूमी, शिफारस आणि आर्थिक परिणाम अशा ओळी असतात. आधी शिफारस वाचा, मग आर्थिक परिणाम, आणि मग वेळ असेल तर बाकीचं.

बातमीतला प्रत्येक शब्द निर्णय नसतो

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी बरेच डिस्ट्रिक्ट "बोर्डाची ठळक वृत्ते" अशी ईमेल पाठवतात. ती वाचताना क्रियापदाकडे बघा. ग्रुपवरच्या निम्म्या अफवा तिथे चुकलेल्या असतात.

बोर्डाने अहवाल "ऐकला" किंवा "स्वीकारला" असेल तर काहीही ठरलेलं नाही. "स्टडी सेशन" झालं असेल तर सदस्य विषय समजून घेत आहेत आणि मतं अजून कच्ची आहेत. "फर्स्ट रीडिंग" म्हणजे धोरणाचा मसुदा पहिल्यांदा मांडला, मत पुढच्या मीटिंगला. "स्टाफला दिशा दिली" हा सगळ्यात फसवा शब्दप्रयोग. मतदान झालेलं नसतं, पण सदस्यांनी काय हवं ते सांगितलेलं असतं आणि अधिकारी त्याच वाटेने पुढचा प्रस्ताव आणतात. "मंजूर केलं" किंवा "ठराव स्वीकारला" असं असेल तेव्हाच निर्णय झाला. त्यापुढे मतं लिहिलेली असतात, पाच-शून्य की तीन-दोन. कोणत्या सदस्याने काय मत दिलं हे जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ते कुणालाही शोधता येतं.

माझं ठाम मत असं की पालकाने वर्षातून एकदाच जायचं असेल तर स्टडी सेशनला जावं. मतदानाच्या रात्री शंभर जण बोलतात आणि सदस्य मनाशी ठरवून आलेले असतात. स्टडी सेशनला चार जण बोलतात आणि त्यातलं एक वाक्य पुढच्या मसुद्यात उतरतं.

शाळा बंद होण्याची प्रक्रिया बघा. पटसंख्या घटल्यामुळे कुपर्टिनो युनियनच्या बोर्डाने २०२१ मध्ये रेग्नार्ट आणि मेयरहोल्झ या प्राथमिक शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय एका रात्रीत येत नाही. आधी पटसंख्येचे अंदाज येतात, मग तुटीचे आकडे, मग समिती, मग पर्यायांची यादी, आणि शेवटी मत. पटसंख्येचा अंदाज दरवर्षी अजेंड्यावर येतो आणि तो कंटाळवाणा दिसतो. तो वाचा. आपल्या शाळेच्या रांगेतला आकडा तीन वर्षं उतरताना दिसला की विचारायला सुरुवात करा. आणि अजेंड्यावर "सेव्हन-इलेव्हन कमिटी" दिसली तर समजा की रिकाम्या जागेचं काय करायचं यावर विचार सुरू आहे. जादा मालमत्तेसाठी नेमायच्या या समितीत कायद्याने सात ते अकरा सदस्य असतात.

गणिताचं उदाहरण तर आपल्या घरोघरी चर्चेचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डाने २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा काढून नववीला नेलं. ते परत आणण्याचा ठराव झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्याच्या पुढच्या महिन्यात मतदारांनीही प्रॉपोझिशन जी या सल्लादर्शक प्रस्तावाला मोठा कौल दिला. मधल्या काळात मुलांच्या कितीतरी तुकड्या बाहेर पडल्या. एकदा झालेला निर्णय फिरवायला जो काळ लागतो, त्या मानाने निर्णयाआधीची एक संध्याकाळ फार स्वस्त पडते.

वर्षाचं चक्र

आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. जानेवारीत गव्हर्नर राज्याच्या बजेटचा प्रस्ताव मांडतात, मेमध्ये तो सुधारतात. १ जुलैच्या आत डिस्ट्रिक्टला स्वतःचं बजेट आणि एलकॅप, म्हणजे मुलांच्या प्रगतीसाठी पैसा कुठे खर्च करणार याचा आराखडा, मंजूर करावा लागतो. आधी एका मीटिंगमध्ये जाहीर सुनावणी, मग वेगळ्या मीटिंगमध्ये मत. ही जूनमधली सुनावणी नेमकी आपण भारतात जायची तिकिटं काढतो तेव्हा येते.

दरम्यान डिसेंबर आणि मार्चमध्ये दोन अंतरिम अहवाल येतात. त्यात डिस्ट्रिक्ट स्वतःला तीनपैकी एक शेरा देतं: पॉझिटिव्ह, क्वालिफाइड किंवा निगेटिव्ह. चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं खर्च भागेल का, हा प्रश्न. क्वालिफाइड म्हणजे कदाचित भागणार नाही, निगेटिव्ह म्हणजे नाहीच. क्वालिफाइड शेरा वाचलात की त्या वर्षी कपात येणार असं धरून चाला. शिक्षकांना नोकरीकपातीची प्राथमिक नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चच्या सुरुवातीच्या मीटिंगांत ते ठराव येतात. आवडत्या संगीतशिक्षकाचं नाव मेमध्ये ऐकू येतं, पण त्या पदावरचा ठराव फेब्रुवारी-मार्चमध्येच होऊन गेलेला असतो.

पैशाबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना कळलीच पाहिजे. कॅलिफोर्निया बहुतेक डिस्ट्रिक्टना रोजच्या सरासरी हजेरीवर पैसे देतं, पटावरच्या नावांवर नव्हे. रजेचं कारण शाळेने मान्य केलं तरी त्या दिवसाचे पैसे जातात. डिसेंबरात लग्नासाठी चार आठवडे भारतात जाताना निघायच्या बऱ्याच आधी शाळेच्या ऑफिसात इंडिपेंडंट स्टडीबद्दल, म्हणजे शाळेबाहेर राहून अभ्यास करण्याच्या कराराबद्दल, विचारा. करार आधी झाला आणि मुलाने काम पूर्ण केलं तर हजेरी धरली जाते. परत आल्यावर विचारून उपयोग नसतो. फार मोठी रजा असेल तर मुलाची जागा राहील का, हेही विचारा. ज्या भागात घरपट्टीचं उत्पन्न राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त आहे अशा काही श्रीमंत डिस्ट्रिक्टना हजेरीचा हा हिशोब तितका लागू पडत नाही, पण करार तिथेही करावा.

बाँड (मतदारांच्या मंजुरीने काढलेलं कर्ज) आणि पार्सल टॅक्स (जमीन-घराच्या प्रत्येक तुकड्यावर बसणारा स्थानिक कर) यांतला फरक थोडक्यात. बाँडचा पैसा इमारतींसाठी, तो शिक्षकांच्या पगारावर खर्च करता येत नाही. २००० सालच्या प्रॉपोझिशन ३९ नंतर असा बाँड ५५ टक्के मतांनी मंजूर होतो आणि खर्चावर नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. पार्सल टॅक्सला दोन-तृतीयांश मतं लागतात, पण त्यातून शिक्षकांचे पगार देता येतात. "एवढं नवं व्यायामगृह बांधलं आणि शिक्षक कमी करतात" हा राग बऱ्याचदा या दोन खिशांतला फरक माहीत नसल्यामुळे येतो.

दिवाळीच्या सुट्टीचाही उल्लेख करतो, कारण दर ऑक्टोबरात हा विषय निघतो. २०२५ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एबी २६८ या विधेयकावर सही केली आणि दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आली. शाळांना त्या दिवशी बंद ठेवायची मुभा मिळाली, सक्ती मात्र नाही. म्हणजे निर्णय पुन्हा स्थानिकच. शाळेचं कॅलेंडर शिक्षक युनियनशी बोलून, बहुतेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षं आधी ठरतं. ऑक्टोबरात मागणी केली तर त्या वर्षीची दिवाळी निघून गेलेली असते. कॅलेंडर कमिटी कधी बसते हे विचारा आणि तिथे जा. जाताना पुढच्या तीन वर्षांच्या दिवाळीच्या तारखा लिहून न्या, कारण दिवाळी दरवर्षी सरकते आणि अधिकाऱ्यांना पहिली अडचण तीच वाटते.

बोलायला उभं राहताना

नागरिक असायची, ग्रीन कार्ड असायची, मतदार असायची गरज नाही. एच-१बीवरचा नवरा, एच-४वरची बायको, भेटीला आलेले आजी-आजोबा, कुणीही मीटिंगला जाऊ शकतं आणि बोलू शकतं. आत येण्यासाठी नावपत्ता लिहायची सक्ती करता येत नाही. बोलायचं असेल तर एक छोटं कार्ड भरायला देतात, ते मीटिंग सुरू व्हायच्या आधी द्या.

वेळ साधारण तीन मिनिटं. गर्दी असेल तर अध्यक्ष ती दोन किंवा एका मिनिटावर आणतात, म्हणून भाषणाची एक मिनिटाची आवृत्तीही जवळ ठेवा. पहिल्या वाक्यात विषयाचा क्रमांक आणि आपली मागणी. नंतर एक प्रसंग किंवा एक आकडा, त्यांच्याच पीडीएफमधला असेल तर उत्तम. मग थांबा. आभार, प्रस्तावना, आपण कुठून आलो हे सगळं वगळा.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर हे वाचा: वेळेची मर्यादा असेल आणि बोलणारा अनुवादकाच्या मदतीने बोलत असेल, तर त्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, असं ब्राउन ॲक्टमध्ये लिहिलेलं आहे. एकाच वेळी कानात भाषांतर देणारी यंत्रणा तिथे असेल तरच हा नियम लागू होत नाही. नातवंडांना रोज शाळेत पोचवणाऱ्या आजीला क्रॉसिंगवरची अडचण सगळ्यांपेक्षा नीट माहीत असते. तिने मराठीत सांगावं, सुनेने इंग्रजी करावं. ते बोलणं नोंदीत तितक्याच मानाने जातं.

बोर्ड तुम्हाला तिथल्या तिथे उत्तर देणार नाही. याने नवे पालक दुखावतात. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर चर्चा करायला कायद्याने बंदी आहे, सदस्य फार तर एखादा खुलासा करू शकतात. त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही म्हणजे ऐकलं नाही असं नव्हे.

आपल्या किंवा दुसऱ्याच्या मुलाचं नाव, आजार, मार्क माइकवर सांगू नका. चित्रफीत इंटरनेटवर राहते आणि मूल मोठं होतं. शिक्षकाविरुद्धची तक्रार लेखी करा, त्यासाठी ठरलेली पद्धत आहे.

माइकशिवायही वाटा आहेत, आणि माझ्या मते त्या जास्त कामाच्या. ट्रस्टीला कॉफीसाठी वेळ मागा, बरेच जण देतात. मात्र "अमुक ट्रस्टी तुमच्या बाजूने आहेत" असे निरोप दुसऱ्या ट्रस्टीकडे नेऊ नका. बहुसंख्य सदस्यांनी मीटिंगबाहेर, मध्यस्थामार्फतसुद्धा, एखाद्या विषयावर मतं जुळवणं बेकायदा आहे. ईमेल लिहिताना ती सार्वजनिक नोंद असते हे ध्यानात ठेवा.

दुसरी वाट समित्यांची. शाळेत नाव घालताना घरची भाषा मराठी असं लिहिलंत की मुलाची एलपॅक ही इंग्रजीची चाचणी होते. "इंग्रजी शिकणारा" हा शिक्का नको म्हणून काही पालक घरी इंग्रजी बोलतो असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. खरं लिहा, कारण मुलाला आधार लागणार असेल तर तो त्यातूनच मिळतो. शाळेत असा शिक्का मिळालेली २१ किंवा जास्त मुलं असतील तर पालकांची ईलॅक समिती हवी, डिस्ट्रिक्टमध्ये ५१ असतील तर डीलॅक. डीलॅकने एलकॅपवर नोंदवलेल्या मतांना सुपरिंटेंडंटने लेखी उत्तर द्यावं लागतं. इथे खुर्च्या रिकाम्या असतात आणि मराठी पालक फार थोडे दिसतात. मराठी शाळेतल्या अभ्यासाला हायस्कूलचं परभाषेचं क्रेडिट द्या, ही मागणी घेऊन जायची असेल तर आधी अशाच ठिकाणी ओळख होते.

मीटिंगनंतर

चित्रफीत काही दिवसांत मिळते. पूर्ण बघायची गरज नसते, बऱ्याच ठिकाणी विषयावर टिचकी मारली की तिथूनच सुरू होते. अधिकृत इतिवृत्त पुढच्या मीटिंगला मंजूर होऊन येतं. एखादा अहवाल किंवा करार सापडत नसेल तर पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली साध्या ईमेलने मागा. दहा दिवसांत डिस्ट्रिक्टने काय देता येईल ते कळवायला हवं.

ग्रुपवर लिहिताना चार गोष्टी लिहा: विषयाचा क्रमांक, नेमकं काय झालं, मतं किती-किती, आणि पुढची तारीख. दुवा द्या. "म्हणे" हा शब्द वापरायची वेळ आली तर आधी पीडीएफ उघडा.

नियम मोडला असं वाटलं तर तेही लेखी कळवा, आणि लवकर कळवा, कारण मुदती छोट्या असतात. याचं वजन किती असतं ते सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या बोर्डाने ४४ शाळांची नावं बदलण्याचा ठराव सहा विरुद्ध एक मतांनी केला. ब्राउन ॲक्टचं पालन झालं नाही असा दावा करत लोक कोर्टात गेले, आणि एप्रिलमध्ये बोर्डाने तो ठराव मागे घेतला. नाराजीची इतरही कारणं होती, साथीत शाळा उघडायला झालेला उशीर हे मोठं कारण. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच मतदानाने पदावरून काढलं, प्रत्येकाविरुद्ध दोन-तृतीयांशाहून जास्त मतं पडली.

मत आणि उमेदवारी

मतदान नागरिकांनाच. एक अपवाद सॅन फ्रान्सिस्को. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या प्रॉपोझिशन एननुसार तिथले नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, आणि २०२३ मध्ये अपील कोर्टाने ही तरतूद कायम ठेवली. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. तिथे राहत असाल तरी नोंदणीआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण ती माहिती सरकारी नोंदीत जाते. इतर कुठल्याही निवडणुकीचा फॉर्म नागरिक नसताना चुकूनसुद्धा भरू नका. वाहनपरवान्याच्या ऑफिसात समोर येणाऱ्या प्रश्नांचीही उत्तरं नीट वाचून द्या.

ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे त्यांनी उभं राहण्याचा विचार करावा, हे मी मनापासून सांगतो. अठरा वर्षं पूर्ण, त्या डिस्ट्रिक्टचा रहिवासी आणि नोंदणीकृत मतदार, इतक्याच मुख्य अटी. बहुतेक ठिकाणी निवडणूक सम वर्षांच्या नोव्हेंबरात असते, आणि अर्ज जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात मिळतात. विद्यमान सदस्याने अर्ज भरला नाही तर ती मुदत पाच दिवसांनी वाढते. एखादी जागा मधेच रिकामी झाली तर बोर्डाने ६० दिवसांत कुणाला तरी नेमावं किंवा निवडणूक घ्यावी लागते. नेमायचं ठरलं तर डिस्ट्रिक्ट अर्ज मागवतं आणि मुलाखती उघड मीटिंगमध्ये होतात.